भरदार सिगार आणि भिंतीतलं कपाट

हाताने वळलेला कोणताही उंची सिगार विक्रीला येण्यापूर्वी तो अशा माणसाकडून तपासून घ्यावा लागतो, ज्याने आयुष्यात कधीही काहीही ओढलेले नाही. नियमच तसा आहे, आणि नियमामागे विचार आहे. ज्याला सिगार आवडतो तो सिगारची बाजू घेणार. ज्याला आवडत नाही तो सिगारवर डूख धरणार. निःपक्षपाती माणूस एकच, ज्याला सिगारमधले ओ की ठो कळत नाही. धूम्रपदार्थ प्रतवारी कार्यालय सुरू झाल्यापासून हा नियम काटेकोरपणे पाळला जातो, आणि तिथल्या एकाही निर्णयावर जाणकारीचा आरोप आजवर कोणाला करता आलेला नाही.

या नियमात एक बारीकशी अडचण होती. परीक्षकाने एक सिगार ओढला की तो काहीही न ओढलेला राहत नसे. तो अनुभवी होई, आणि अनुभवी झाल्यामुळे नोकरीला नालायक ठरे. म्हणजे प्रत्येक परीक्षकाच्या वाट्याला उभ्या नोकरीत एकच सिगार येई. त्यानंतर त्याची खुर्ची व्हरांड्याच्या टोकाच्या माजी परीक्षक कक्षात हलवली जाई आणि तिथे तो निवृत्तीपर्यंत पूर्ण पगारावर खिडकीबाहेर बघत बसे. वर्षे गेली तसा तो कक्ष भरला, मग त्याच्या शेजारचा भरला. परीक्षक इतके झाले आहेत तर नवे कशाला घ्यायचे, असा रास्त प्रश्न वरून आला आणि भरती बंद झाली. शेवटी सबंध कार्यालयात ओढण्यास पात्र असा एकच माणूस उरला.

त्याला सगळे कोरा म्हणत. कोरा नोकरीला लागल्यापासून आपल्या सिगारची वाट पाहत होता आणि तोवर त्याने स्वतःला जिवापाड जपले होते. रस्त्यात कोणी काडी पेटवली की तो पलीकडच्या फुटपाथवर जाई. घरात दूध करपले तरी तो गॅलरीत जाऊन उभा राही. लग्नापूर्वी बायकोला हा त्याचा मोठा गुण वाटला होता. लग्नानंतर करपलेले पातेले घासताना तिचे मत जरा बदलले.

एके दिवशी साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावले. साहेबांच्या शेजारी एक गुळगुळीत दाढी केलेले गृहस्थ बसले होते. ते सिगार कंपनीचे प्रतिनिधी होते आणि इतक्या मऊ आवाजात बोलत, की कार्यालयात त्यांना मखमल म्हणत. टेबलावर एक लाकडी पेटी उघडी होती. पेटीत एकच सिगार होता. अंगठ्याएवढा जाड, काळपट तपकिरी, तेलकट चमक असलेला, आणि कमरेला सोनेरी कागदी पट्टा.

"कोरे," साहेब म्हणाले, "तुमचा सिगार आला."

कोरा सवयीने दोन पावले मागे सरला.

"याचं पान सावलीत वाढवलंय," मखमल सिगारकडे कौतुकाने बघत म्हणाले, "वर्षानुवर्षं मुरवलंय, आणि तो एकाच बाईच्या हातांनी वळलाय."

"कोणत्या बाईच्या?" कोऱ्याने विचारले.

"तशा बाया पुष्कळ आहेत हो. पण प्रत्येक सिगार एकाच बाईने वळलाय."

साहेबांनी ही माहिती गंभीरपणे टिपून घेतली. मग त्यांनी कामाचे स्वरूप सांगितले. सिगारच्या प्रती तीन. सौम्य, मध्यम आणि भरदार. कंपनीचे म्हणणे, हा भरदार आहे. भरदार म्हणजे तोंड भरून टाकणारा, घशात रेंगाळणारा, ओढणाऱ्याला आपण कोणीतरी आहोत असे वाटायला लावणारा. परीक्षण सोमवारी सकाळी.

"साहेब, पण माझं घर?" कोरा म्हणाला.

इथे घराचे सांगायला हवे. कोरा कार्यालयाच्या निर्व्यसनी वसाहतीत राहत होता. ही वसाहत, नावाप्रमाणे, निर्व्यसनी कर्मचाऱ्यांसाठी होती. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी, चोवीस तास पाणी. घर मिळण्यासाठी कोऱ्याने आणि त्याच्या बायकोने भाड्याच्या खोल्यांत अर्धे आयुष्य काढले होते. एका खोलीत छत गळे, दुसरीत मालकीण दारातून डोकावे, तिसरीत शेजारच्यांचे भांडण भिंतीतून शब्दन् शब्द ऐकू येई. वसाहतीतली चावी हातात आली त्या दिवशी बायको रिकाम्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून मनसोक्त रडली होती. आणि वसाहतीचा नियम एका ओळीचा होता, की जो ओढेल तो घर सोडेल.

"अडचण आहे खरी," साहेब म्हणाले. "पण असं बघा. ओढला नाहीत, तर नोकरी जाते. नोकरी गेली की घर जातंच. ओढलात, तर फक्त घर जातं. आता फायदा कशात आहे, ते तुम्हीच ठरवा. कार्यालय तुमच्यावर दबाव आणणार नाही."

एवढे बोलून साहेब फोन करायला गच्चीवर गेले. साहेबांना दिवसातून बरेच फोन करावे लागत, आणि ते सगळे गच्चीवरच. परत आले की त्यांच्या कोटाला त्या फोनचा वास येई. साहेबही वसाहतीतच राहत. पण तो विषय वेगळा.

कोरा वसाहतीच्या कचेरीत गेला. तिथे बसणाऱ्या व्यवस्थापक बाईंना सगळे वसाहतबाई म्हणत. वसाहतबाई अष्टौप्रहर पेपरमिंट चघळत. का चघळत, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

"बाई, मी कामासाठी ओढणार आहे. आवडीने नाही," कोरा म्हणाला. "उलट मला शिसारी आहे त्याची."

"असेल हो," वसाहतबाई म्हणाल्या. "पण आम्ही नळीत फुंकायला लावतो. नळीला आवडनिवड कळत नाही, धूर कळतो."

"मग धूर आत न घेता ओढला तर?"

"तसं साहेबांचं पत्र आणा, की धूर आत घेतलेला नाही."

कोरा साहेबांकडे गेला. साहेब म्हणाले, धूर आत घेतला नाही असे पत्र दिले तर परीक्षणच झाले नाही असे होईल, मग नोकरी जाईल. कोरा पुन्हा वसाहतबाईंकडे गेला. त्यांनी एक पेपरमिंट त्यालाही दिले. त्यापलीकडे त्यांच्या हातात काही नव्हते.

माजी परीक्षक कक्षात कोऱ्याचा एक जुना स्नेही बसे, त्याला माजीराव म्हणत. कोरा त्याच्याकडे सल्ला मागायला गेला. कक्षात इतका धूर होता, की कोरा दारातच नाकाला रुमाल लावून उभा राहिला.

"ये, ये. तुझा नंबर लागला म्हणे," माजीराव धुरातून म्हणाला.

"तुझ्या वेळी काय झालं होतं रे? कसं लागलं?"

"लागलं काही नाही. ठसका लागला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. साहेबांनी लिहून घेतलं, 'दमदार'. मग म्हणाले, चव सांगा. समोर साहेबांचे बूट होते, म्हणून मी म्हटलं, चामडं. टाळ्या पडल्या राव."

"आणि आता इतकं ओढतोस?"

"मग काय करू? लायकी गेलीच होती. म्हटलं, निदान सवय तरी लावून घ्यावी."

कोऱ्याला या बोलण्याने अजिबात धीर आला नाही. त्यातच शुक्रवारी साहेबांनी त्याला बोलावून चवींचे मान्यताप्राप्त शब्द ऐकवले. भरदार सिगारात चामडे लागते, देवदार लागतो, ओली माती लागते, आणि शेवट स्वच्छ असावा लागतो.

"पण कोरे, एक ध्यानात ठेवा," साहेब म्हणाले. "माजीरावांसारखं खोटं चालणार नाही. त्यावर नंतर आक्षेप आला होता, की यांनी आयुष्यात चामडं कधी चाखलंय का? आता नियम झालाय. जे चाखलेलं नाही त्याची चव सांगता येणार नाही."

"म्हणजे मी चामडं चाखायचं?"

"सोमवारच्या आत. देवदार आणि मातीसुद्धा. हा अभ्यास आहे असं समजा. रजा टाकायची गरज नाही, शनिवार-रविवार आहेच."

शनिवारी कोऱ्याने अभ्यासाला सुरुवात केली. आधी कमरेचा पट्टा चाटला. पण पट्टा रेक्झिनचा निघाला, म्हणून चप्पल घेतली. मग गॅलरीतल्या कुंडीत पाणी घालून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. राहिला देवदार. झोपायच्या खोलीत भिंतीत बसवलेले एक कपाट होते. वसाहतीच्या कागदांत ते देवदाराचे होते, कारण ठेकेदाराने तसे लिहून दिले होते. कोऱ्याने कपाटाचे दार उघडले, आतला फळीचा कोपरा निवडला आणि डोळे मिटून जीभ लावली.

"अहो!"

बायको धुतलेल्या चादरी घेऊन दारात उभी होती.

"काय करताय?"

"ऑफिसचं काम."

"कपाट चाटणं?"

"देवदार आहे तो."

"तो देवदार असेल तर मी महाराणी. आणि झुरळं होतात म्हणून दर आठवड्याला फिनाइलने पुसते मी त्या फळ्या. थुंका आधी!"

कोरा थुंकला. मग पलंगावर बसून त्याने तिला इतके दिवस लपवलेले सगळे सांगितले. सिगार, सोमवार, नळी, साहेब. ओढला तर घर जाणार आणि नाही ओढला तरी घर जाणार. बायको बराच वेळ चादरीच्या घड्या घालत राहिली. घातलेल्या मोडून परत घातल्या.

"मी या घरातून जाणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तुम्ही काय वाट्टेल ते करा. सिगार ओढा, गिळा, नाकात घाला. पण सकाळी ओट्यावर ऊन येतं ना, तिथे उभी राहून मी चहा करते, तेवढं माझं आहे. तेवढं मला कोणी मागू नका."

तिला रडू फुटले. कोऱ्याच्याही डोळ्यांत पाणी आले. या बाईने आजवर त्याच्याकडे काही मागितले नव्हते, आणि जे मागितले ते सांभाळण्याचीही आपली ऐपत नाही, हे त्याला टोचले. त्याने डोळे पुसले आणि दुसरे काही सुचेना म्हणून पुन्हा अभ्यासाला लागला.

रविवारी समोरच्या गॅलरीतल्या शेजाऱ्यांनी कोऱ्याला चप्पल चाटताना पाहिले आणि तक्रार केली. वसाहतबाई स्वतः आल्या. त्यांनी चप्पल पाहिली, कुंडी पाहिली, कपाट पाहिले, आणि पिशवीतून व्यसनांची अधिकृत यादी काढली. यादी वरपासून खालपर्यंत वाचून त्यांनी चष्मा काढला.

"ओढणं आहे, पिणं आहे, हुंगणं आहे, चघळणं आहे. चाटणं नाही."

"मग?" बायकोने विचारले.

"मग काय? यादीत नाही ते व्यसन नाही. चाटू दे त्यांना. फक्त पडदा लावा, लोकांना त्रास होतो."

वसाहतबाई गेल्या. बायको दाराची कडी लावून वळली ती उजळलेल्या चेहऱ्याने.

"अहो, ऐकलंत ना त्या काय म्हणाल्या?"

"पडदा लावायला हवा."

"पडदा गेला खड्ड्यात! चाटलेलं चालतं. मग तो सिगारही चाटा ना मेला!"

कोऱ्याने बायकोकडे पाहिले. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण ती इतकी सुंदर त्याला याआधी दिसली नव्हती. त्या दिवशी तो झोपेपर्यंत सराव करत राहिला. सोमवारी सकाळी निघता निघतादेखील त्याने शेवटची उजळणी म्हणून आळीपाळीने चप्पल, कुंडी आणि कपाट यांची चव घेतली.

परीक्षण सभागृहात होते. भिंतीवर 'धूम्रपान सक्त मना' अशी पाटी होती आणि तिच्या खाली साहेब, मखमल आणि साक्षीदार म्हणून आणलेला माजीराव बसले होते. सिगार बशीत ठेवला होता.

"काडेपेटी?" मखमलनी विचारले.

"इमारतीत बंदी आहे," साहेब म्हणाले आणि खिशातून एक सुबक लायटर काढला. "हा कोणाचा तरी सापडला होता." सगळ्यांनी शिष्टाचार म्हणून छताकडे पाहिले.

"साहेब, पेटवायचं कुठे लिहिलंय?" कोरा म्हणाला.

साहेबांनी लायटर खाली केला. नियमावली आणवली गेली. सिगार कोरडा असावा, बशी स्वच्छ असावी, परीक्षक उपाशी असावा, सगळे लिहिले होते. पेटवण्याबद्दल अवाक्षर नव्हते. कारण नियम करणारी समितीसुद्धा निःपक्षपातीपणासाठी सिगार कधीही न पाहिलेल्या माणसांची होती.

"मग आजवर आपण पेटवत होतो ते?" माजीराव कापऱ्या आवाजात म्हणाला.

"ती अनियमितता होती," साहेब म्हणाले आणि लायटर खिशात टाकला. "कोरे, नियमाप्रमाणे चालू द्या."

कोऱ्याने सिगार उचलला. सोनेरी पट्ट्याखालून वरपर्यंत एकदा जीभ फिरवली. मग टोकही नीट चाटले. आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले, कारण त्याला काहीच लागले नाही. दोन दिवस चप्पल, माती आणि फळ्या चाटून त्याच्या जिभेचे पार पायपुसणे झाले होते. सिगारच्या जागी खडू असता तरी त्याला कळले नसते. जिभेवर चव होती ती फक्त सकाळची, घरून निघतानाची. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. काही कळत नाही म्हटले तर नोकरी जाणार, आणि त्याच्या डोळ्यांसमोर ओट्यावरचे ऊन आले.

"चप्पल लागतेय," तो म्हणाला. निदान हे खोटे नव्हते.

"चामडे!" साहेबांनी लिहिले. "वापरलेले, मुरलेले चामडे. पुढे?"

"आमची कुंडी."

"ओली माती. वा!"

"आणि आमच्या झोपायच्या खोलीतलं कपाट. भिंतीतलं."

मखमल अर्धवट उठले. "घरगुती देवदार," ते भारावून म्हणाले. "इतकं आतलं कोणी ओळखलं नव्हतं आजवर. आणि शेवट? शेवट कसा आहे?"

कोरा प्रामाणिक माणूस होता. "शेवटी जरा फिनाइल," तो म्हणाला.

साहेबांची लेखणी क्षणभर थबकली. मग त्यांनी लिहिले, 'शेवट स्वच्छ, किंचित औषधी, दीर्घकाळ रेंगाळणारा.' सिगारला शंभरपैकी त्र्याण्णव गुण आणि भरदार अशी प्रत मिळाली. संध्याकाळी कोऱ्याने नळीत फुंकले. नळीचा रंग बदलला नाही. बायकोने त्या दिवशी शिरा केला, पण कोऱ्याला तो चपलेसारखा लागला. तरीही त्याने दोनदा मागून घेतला.

इथे ही गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण सिगारच्या पेटीवर कोऱ्याचा अभिप्राय छापला गेला आणि सिगार हातोहात खपला. खपला आणि लोक तो चाटू लागले, कारण ज्याने त्र्याण्णव गुण दिले त्याने तो चाटला होता. पेटवणे हे गावंढळपणाचे लक्षण ठरले. मोठमोठ्या घरांतून जेवणानंतर मंडळी गोल बसत, सिगार एकदा जिभेवरून फिरवत आणि डोळे मिटून म्हणत, "कुंडी. नक्कीच कुंडी." एका वर्तमानपत्राने घरगुती देवदार आणि जंगली देवदार यांतला फरक समजावून सांगणारी लेखमाला चालवली. धूर बंद झाल्याचे श्रेय आरोग्य खात्याने घेतले. यादीत नसल्याने वसाहतीत चाटणे उघड सुरू झाले आणि वसाहतबाईंनी पेपरमिंट सोडले.

मग सिगारची दुसरी खेप आली, तिच्या पेटीवर अभिप्रायाची शेवटची ओळ छापायची राहून गेली होती, आणि तक्रारींचा पाऊस पडला. चामडे आहे, माती आहे, देवदारही ठीक, पण शेवट कुठे गेला? तो स्वच्छ, औषधी शेवट? आपली फसवणूक झाली, असे चोखंदळ ग्राहकांनी कळवले. एकाने लिहिले होते की पहिल्या खेपेतला तो शेवट जिभेवर आला तेव्हा त्याला रडू कोसळले होते. मखमल धावत साहेबांकडे आले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता.

कोऱ्याला बोलावण्यात आले. त्याला आता लपवाछपवीचा कंटाळा आला होता. त्याने सगळे सांगून टाकले. जीभ मेली होती, सिगारची चव कळलीच नाही, जे सांगितले ते घरातल्या चपलेचे, कुंडीचे आणि कपाटाचे होते. फिनाइल बायकोचे होते. सांगून झाल्यावर तो मान खाली घालून उभा राहिला. आता आपल्याला काढून टाकतील अशी त्याची खात्री होती.

साहेबांनी सगळे टिपून घेतले. मग त्यांनी मखमलकडे पाहिले, आणि मखमलनी त्यांच्याकडे.

"म्हणजे मूळ चव कपाटात आहे," साहेब म्हणाले.

"सिगार ही नुसती नक्कल आहे," मखमल पुटपुटले. त्यांचा आवाज पुन्हा मऊ झाला होता.

"साहेब, मी चुकलो," कोरा म्हणाला.

"चुकलात कसे? त्र्याण्णव गुण आम्ही दिलेत. प्रतवारी कार्यालय चुकत नसतं. गुण बरोबर आहेत, फक्त ते कशाला दिले एवढाच तपशील राहिला होता. तो आता मिळाला."

पुढचे सगळे रीतसर झाले. ज्याच्या चवीवर प्रत ठरली ते कपाट 'मूळ चवीचे मानक' म्हणून घोषित झाले. मानक सुरक्षित ठेवावे लागते. कपाट भिंतीत असल्यामुळे भिंत सुरक्षित ठेवणे आले, आणि भिंतीसाठी घर. मानकाच्या जवळ फोडणी देणे, कपडे वाळवणे आणि श्वास घेऊन झोपणे यांमुळे चवीत भेसळ होण्याचा धोका होता. कोऱ्याला आठवडाभरात घर रिकामे करण्याचा आदेश मिळाला. त्याचे निर्व्यसनीपण निर्विवाद आहे, असे आदेशात कौतुकाने नमूद केले होते. चप्पल आणि कुंडी जमा करून घेतल्याची पोचही मिळाली.

सामान निघाले. शेवटी तिने फिनाइलची बाटली पिशवीत घातली, तेव्हा दारावरच्या शिपायाने ती काढून घेतली. बाटलीही मानकाचा भाग होती. बायको रिकाम्या ओट्याजवळ गेली आणि ऊन पडले होते तिथे हात ठेवून उभी राहिली. कोऱ्याने तिला चला म्हटले नाही. त्याला ते म्हणवले नाही. शिपायानेच म्हटले.

आता ते पुन्हा भाड्याच्या खोलीत राहतात. जुन्या घरापुढे सुटीच्या दिवशी फाटकापर्यंत रांग लागते. दर्शकांना दोन-दोन करून आत सोडतात. आत गेल्यावर आधी भिंतीवरचा फलक वाचायचा, त्यावर काय लागेल ते लिहिलेले आहे, आणि मग फळीच्या कोपऱ्याला एकदाच जीभ लावायची. ज्यांनी पूर्वी कपाट चाटलेले नाही अशांनाच प्रवेश आहे.

एका रविवारी बायको म्हणाली, "मला जायचंय." कोऱ्याने खूप समजावले, पण ती ऐकेना. रांगेत दोघे बरेच उभे राहिले. पुढच्या-मागच्यांचे शेवटाबद्दल चाललेले बोलणे ऐकत राहिले. फाटकावरच्या माणसाने तिला विचारले, पूर्वी कपाट चाटले आहे का? ती नाही म्हणाली. ते खरे होते. तिने ते फक्त पुसले होते. कोऱ्याला मात्र अनुभवी म्हणून बाहेरच थांबावे लागले, आणि तो खिडकीच्या गजातून पाहत राहिला.

बायको आत गेली. तिने फलकाकडे पाहिलेच नाही. आधी स्वयंपाकघराच्या बंद दाराकडे पाहिले, मग कपाटाशी गेली, वाकली आणि जीभ लावली. फळीचा कोपरा इतक्या जिभांनी झिजून गुळगुळीत झाला होता.

"फिनाइल नाहीये आता यात," ती मोठ्याने म्हणाली. "कोणी पुसलंच नाहीये. नुसती थुंकी आहे लोकांची."

तिच्यामागे एक गृहस्थ उभे होते. त्यांनी फलक शेवटपर्यंत नीट वाचला होता. बायको बाजूला झाल्यावर ते पुढे झाले, त्याच जागी जीभ लावली, डोळे मिटले, आणि मग मान हळूच डोलावत म्हणाले, "स्वच्छ. किंचित औषधी." डोळे उघडून त्यांनी बायकोकडे पाहिले. त्यांच्या नजरेत राग नव्हता, फक्त कीव होती. काही लोकांना जीभच नसते, असे त्यांना वाटले असावे.

कोऱ्याने खिडकीतून त्या गृहस्थांना पाहिले आणि कुठे पाहिले आहे ते आठवत राहिला. त्याला आठवले नाही. पण तुम्ही त्यांना चांगले ओळखता. आज सकाळीच ते तुमच्या घरी होते. चहाचा नवा डबा उघडण्यापूर्वी त्यांनी डब्यावरचा चवीचा मजकूर वाचला, तुमच्याच कपातून पहिला घोट घेतला, मान डोलावली आणि म्हणाले, "हो, लागतंय खरं."